मोठीचा शब्द

ओल्या शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचं पातेलं टेम्पोतून उतरवायला दैवशालानं दोनदा हाक मारली, पण कुणी हाललं नाही. सगळी रानातल्या कोपीपुढं करिश्माभोवती जमली होती. शेवटी तिचा नवरा रामहरी आला. त्यानं एक कान धरला, तिनं दुसरा, आणि दोघांनी मिळून ते जड पातेलं बांधावरून आत नेलं.

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, सकाळी अख्खं धाराशिव रिकामं होऊन रानात जातं. दैवशालाच्या वडिलांचं, बिभीषण सरांचं, घरही तेरच्या रस्त्यावरच्या आपल्या रानात आलं होतं. ज्वारी छातीला लागली होती, हरभऱ्याला घाटे धरले होते. आंब्याजवळ कडब्याची खोपटासारखी कोप उभी होती आणि तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच पांडव शाल पांघरून बसले होते. सगळं दरवर्षीसारखंच. फक्त यंदा करिश्मानं कुणाला न विचारता आपला सगळा संघ जेवायला आणला होता. तेरणा वाघिणींची निळी बस बांधाला लागली आणि तिच्यातून पोरी धडाधड उड्या मारत उतरल्या. "आक्का, कदाचित शेवटची येळवस आहे गं त्यांची इथली," एवढंच ती आदल्या संध्याकाळी फोनवर म्हणाली होती. त्यामुळं स्वैपाक दुपटीनं वाढला तो दैवशालाच्या चुलीवर, आणि कौतुक चाललं होतं ते करिश्माचं.

करिश्मा तिची धाकटी बहीण. नऊ वर्षांनी लहान, आणि वाघिणींची मुख्य प्रशिक्षक. राज्याच्या व्यावसायिक खो-खो लीगमध्ये जे मोजके संघ होते, त्यांत एवढ्याशा धाराशिवचा एक होता, आणि गावानं या पोरींना डोक्यावर घेतलं होतं. सामना असला की बाजारपेठ लवकर आवरायची. पण आठवड्यापूर्वी पुण्याहून संघमालकाचा निरोप आला. पत्रा हॉलमध्ये यापुढं सामने होणार नाहीत. हॉल पाडून नवं स्टेडियम बांधायला जागा द्या, नाहीतर संघ नाशिकला जाईल. तिथलं स्टेडियम तयार आहे.

पत्रा हॉल ही अप्पांची, म्हणजे बिभीषण सरांची, जन्माची कमाई. भूकंपानंतर लोकांना पक्की घरं मिळाली आणि तात्पुरत्या शेडचे पत्रे रिकामे झाले, तेव्हा शाळेत पी.टी. शिकवणारे अप्पा सायकलवर गावोगाव फिरले होते. कुणी दोन पत्रे दिले, कुणी चार. ज्या घरात माणूसच उरलं नव्हतं, तिथं भावकीनं काढून दिले. त्या पत्र्यांखाली जिल्ह्यातल्या किती पोरी पळायला शिकल्या याची मोजदाद नव्हती. आता ते पत्रे गंजले होते. पावसाळ्यात मॅटभोवती बादल्या मांडाव्या लागत. मागच्या हंगामात वाऱ्यानं एक पत्रा सुटून प्रेक्षकांच्या डोक्यावर लोंबकळला आणि सामना थांबवावा लागला. टीव्हीवाल्यांनी तर छताच्या त्या लोखंडी कैच्यांना दिवे टांगायला साफ नकार दिला होता.

जागा घरच्या ट्रस्टची होती आणि ट्रस्टी चौघं: अप्पा, दैवशाला, मधला भाऊ रणधीर आणि करिश्मा. चौघांनी हो म्हटलं तरच जागा देता येणार होती, आणि मालकाला उद्या उत्तर हवं होतं.

दैवशाला हो म्हणायच्या तयारीनंच आली होती. हे पुढं कुणाला खरं वाटलं नसतं, पण ते खरं होतं. संघ इथं राहिला तर तिची शिवकन्या इथं राहणार होती. वीस वर्षांची तिची एकुलती पोर वाघिणींकडून खेळत होती, आणि संघ गेला तर ती जाणार की राहणार, या विचारानं दैवशालाचा आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. रामहरी एस.टी.च्या आगारात कारकून होता. त्यानं मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "नाशकाला बिशकाला न्हाय. बी.ए.चं शेवटचं वर्ष हाय. हितं खेळायचं तर खेळू दे."

पूजा झाली. रणधीरनं आंबिलीचा घट घेऊन, ती शिंपडत, ‘ओलगे, ओलगे’ असा पुकारा करत पिकाला फेरी घातली, आणि पंगत बसली. दैवशाला वाढत होती. बाजरीचे उंडे, भज्जी, शेंगाची पोळी, खीर. शिवकन्या मावशीच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसली होती. केस मावशीसारखेच वर घट्ट बांधलेले. हसताना मान मागं टाकायची लकबसुद्धा तीच.

"अगं घे की अजून," दैवशाला पळी घेऊन तिच्यापाशी थांबली. "तुला आवडती म्हणून शेंगदाणं जास्ती घातल्यात."

शिवकन्यानं ताटावर हात धरला. "नको आई. परवा सराव सामना आहे. मावशी म्हणते, एवढं जड नको."

"येळवशीला चालतं गं एक दिवस," करिश्मा म्हणाली.

आणि मग शिवकन्यानं हात काढला.

दैवशालानं पळीभर भज्जी तिच्या ताटात घातली आणि पुढं सरकली. आईनं म्हटलं तर नको, मावशीनं म्हटलं तर चालतं. पुढच्या पोरीच्या ताटात तिनं खीर वाढायची ती भज्जीवरच ओतली. 

जेवणं उरकल्यावर पोरी हरभऱ्याचे डहाळे उपटायला रानात पांगल्या. अप्पांनी आंब्याखाली घोंगडी टाकायला सांगितली आणि तिघा लेकरांना बोलावलं. रामहरी जरा अंतरावर बांधावर बसला. शिवकन्या मावशीच्या मागं येऊन उभी राहिली. तिला कुणी जा म्हटलं नाही.

अप्पा आता ऐंशीला टेकले होते, पण पाठ अजून ताठ होती. ते म्हणाले, "रणधीर, काय ते वाच."

रणधीरचं शहरात फ्लेक्सचं दुकान होतं. त्यानं चष्मा लावला आणि अटी वाचून दाखवल्या. जुना हॉल उन्हाळ्यात पाडायचा, दोन वर्षांत नवं स्टेडियम उभं राहणार, वर पक्कं छत, बसायला खुर्च्या. "समोरच्या अंगाला दुकानंबी हायत," तो म्हणाला. "अप्पा, गावाचं भलं होईल. म्या तर म्हणतो, हो म्हणून मोकळं व्हावं."

"तुझं एक दुकान त्यात धरूनच बोलायला लागलास व्हय?" अप्पा म्हणाले. रणधीर खाली बघून हसला.

"अप्पा, तुम्हाला काय वाटतं?" करिश्मानं विचारलं.

 पलीकडं पोरी ओरडत, हसत होत्या, तिकडं बघत अप्पा म्हणाले, "पत्रे गेले की गं गंजून. म्या तरी किती दिवस पुरणार. पोरीच्या डोक्यात पत्रा पडला तर त्यो काय म्या बघायचा का? माझी हरकत न्हाय. पण म्या शेवटी बोलीन. आदी मोठीला बोलू द्या."

सगळ्यांनी दैवशालाकडं पाहिलं. तिनं पदरानं हात पुसले. हो म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात करिश्मानं घाईघाईनं मोबाईल पुढं केला.

"आक्का, हे बघ, नकाशा आलाय. इथं मैदान. इथं अकादमी, ती मला सांभाळायचीय. आणि हे मागं पोरींचं हॉस्टेल. शिवकन्याला मी माझ्याजवळच ठेवून घेणार आहे. खाणंपिणं, झोप, सगळं एका शिस्तीत होईल. घरून येऊनजाऊन ते जमत नाही गं."

"शिवकन्याला म्हाईत हाय का हे?" दैवशालानं विचारलं.

"तिचीच तर इच्छा आहे."

दैवशालानं लेकीकडं पाहिलं. शिवकन्या म्हणाली, "आई, घर दहा मिनटांवर तर आहे. रविवारी येत जाईन."

रविवारी. 

त्या पत्र्याखाली पहिला खो दैवशालानं दिला होता. मॅट नव्हती, खाली काळी माती होती. खांबावरून झेप घेऊन पुढच्या गड्याला शिवायची तिची उडी बघायला परंड्याहून, तेरखेड्याहून माणसं यायची. देशाच्या संघाच्या शिबिरासाठी तिचं नाव निघालं, आणि त्याच वर्षी आई अंथरुणाला खिळली. दुसऱ्यांच्या बापांना जाऊन पोरींना खेळू द्या म्हणून विनवणारे अप्पा स्वतःच्या पोरीच्या वेळी म्हणाले, स्थळ चांगलं आहे, आई डोळ्यांनी बघेल. दैवशाला काही बोलली नाही. हळद लागली, आणि महिन्याभरात आई गेली. करिश्मा तेव्हा दहा वर्षांची होती. पुढं तिची वेळ आली तोवर अप्पा शहाणे झाले होते. तिला प्रशिक्षक व्हायचं शिकायला पतियाळाला पाठवलं, लग्नाचं तिच्यावर सोडलं. बाप मोठीच्या वेळी चुकला, त्यातून शिकला, आणि त्या शिकण्याचं सगळं फळ धाकटीच्या पदरात पडलं. नाव तिचं, शिट्टी तिची, बस तिची. आता पोरही तिची.

आणि संघ नाशिकला गेला तर? करिश्मा जाईल. रामहरी पोरीला पाठवणार नाही म्हणालाच आहे. पोर घरी येईल.

हे सगळं तिच्या मनात एवढ्या चटकन जुळून आलं, की तिचं तिलाच कळायच्या आत ती बोलून गेली होती.

"माझी संमती न्हाय."

रणधीरनं चष्मा काढला. "आक्का?"

"न्हाय म्हणाले म्या. ते पत्रे काय बाजारातनं आणलेले न्हायत. ज्यांची माणसं ढिगाऱ्याखाली गेली त्यांनी डोक्यावरचं छप्पर काढून अप्पांच्या सायकलीला बांधलं. ते भंगारात घालायचे? कुणा पुण्याच्या माणसाला खुर्च्या मांडायच्यात म्हणून? अप्पा हायत तवर म्या त्या पत्र्याला हात लावू देणार न्हाय."

बोलता बोलता तिचा आवाज भरून आला. तो खरोखरच भरून आला, आणि ऐकणाऱ्याला शंका यायला जागाच राहिली नाही. अप्पा एकटक तिच्याकडं बघत होते.  त्यांनी हात पुढं करून तिचा हात धरला. लग्नात तिचा हात रामहरीच्या हातात दिला, त्यानंतर त्यांनी तो कधी धरला नव्हता.

"बघा," ते म्हणाले. "बघा रं. म्या सोता विसरलो, पर ही न्हाय विसरली. हिच्यावर अन्याव केला म्या. मनात राग धरून बसली आसती तरी म्या काय बोललो नसतो. आन हीच आज माझ्यासाठी उभी ऱ्हायली." त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले. "झालं. मोठीचा शब्द त्यो माझा शब्द. हॉल पडणार न्हाय."

करिश्मा अप्पांकडं सरकली. "अप्पा, आत्ता तर तुम्ही हरकत नाही म्हणालात."

"म्हणालो. चुकलो."

"अहो, संघ जाईल. चार वर्षं घातलीत मी. ह्या पोरींना मी कुठून कुठून आणलंय. दादा, तू तरी बोल."

रणधीर कागदाची घडी घालत होता. एवढा वेळ तो धाकटीच्या बाजूनं होता, पण अप्पांचे ओले डोळे बघून त्याचा नूर पालटला. "आता अप्पाच न्हाय म्हणत्यात तर काय बोलायचं," तो म्हणाला. "आक्का बोलली ते काय खोटं हाय का? माझ्याबी ध्यानात आलं नव्हतं."

दैवशालाचा हात अजून अप्पांच्या हातात होता. तिला वाटलं, हा क्षण असाच थांबावा. इतकी वर्षं तिनं ज्याची वाट पाहिली होती ते तिला मिळालं होतं, आणि सगळ्यांत गोड म्हणजे ते करिश्मासमोर मिळालं होतं.

तेवढ्यात शिवकन्या बोलली.

"मग मी नाशिकला जाणार."

"कुटं जाती?" दैवशाला म्हणाली. "तुझे पप्पा न्हाय म्हणालेत. परीक्षा हाय तुजी."

"परीक्षा देईन की येऊन. पण मी संघ सोडणार नाही. पप्पा, तुम्ही सांगा काय ते."

सगळ्यांच्या माना बांधाकडं वळल्या. रामहरी उठून जवळ आला. घरात त्याचा आवाज कधी वर चढलेला कुणी ऐकला नव्हता. आताही चढला नाही.

"जाऊ दे तिला," तो म्हणाला.

"आवो, तुमीच म्हणाला होतात," दैवशाला म्हणाली.

"म्हणालो होतो. तवा वाटलं, हितंच ऱ्हाईल, कशाला वाद. पण आता वेळ आली हाय तर बोलतो. तुला खेळायला अडवलं, त्याचं काय झालं ते म्या इतकी वर्षं घरात बघतोय. भांडं आपटलं तरी मला कळतं कशापायी आपटलं. माझ्या पोरीचं तसं व्हायला नको."

 शिवकन्या बापाच्या कुशीत शिरली. करिश्मा उठली आणि एकटीच बसच्या दिशेनं चालायला लागली. तिच्या पोरींनी तिला येताना पाहिलं आणि डहाळे हातात धरून त्या गप्प उभ्या राहिल्या.

दैवशालाला आता कळलं होतं की आपण काय करून बसलो. पोर जाणार होती. करिश्माही जाणार, पण रिकाम्या हातानं नाही; ती पोर घेऊन जाणार होती. नकाशातलं हॉस्टेल दहा मिनटांवर होतं. नाशिक रात्रभराच्या गाडीवर.

भांडी घासून झाल्यावर ती अप्पांना शोधत विहिरीवर गेली. ते मोटेचं पाणी पडायच्या दगडी थारोळ्याच्या काठावर पाय सोडून बसले होते. ती शेजारी टेकली.

"अप्पा, म्या इचार केला," ती म्हणाली. "संघ जायला नको. म्या संमती देते. रणधीरला सांगते कागद काढायला."

अप्पांनी तिच्याकडं मान वळवली आणि हसले. "कुणी बोललं तुला? करिश्मानं डोळ्यातनं पाणी काढलं आसंल."

"न्हाय वो. मलाच वाटलं."

"मला फसवू नको. लहानपणापासनं तुजं हेच. दुसऱ्यासाठी सोताचं मागं घ्यायचं. लग्नाच्या वेळीबी गप ऱ्हायलीस. तवा म्या तुजं ऐकून घेतलं न्हाय. आता कुणी कितीबी सांगू दे, म्या तुजा शब्द खाली पडू देणार न्हाय."

"अप्पा, शिवकन्या जाईल."

"जाऊ दे की. खेळू दे. तुला मिळालं न्हाय ते तिला मिळंल. आन तू हितं हायस ना? हॉल हाय, तू हायस. मला आजून काय पायजे."

तिला एवढंच सांगायचं होतं: अप्पा, मी तुमच्यासाठी बोलले नव्हते. मला करिश्माचं बघवत नव्हतं, म्हणून बोलले. हे ऐकल्यावर ते नक्की कबूल झाले असते. ते मनाचे सरळ होते. राग आला असता, वाईट वाटलं असतं, पण उठून सही केली असती. विहिरीत एक पारवा घुमत होता. अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात जड होता आणि ऊबदार होता.

 ती उठून भांडी टेम्पोत भरायला गेली.

संघ संक्रांत करून निघाला. पत्रा हॉलपुढं ट्रकमध्ये मॅटच्या गुंडाळ्या चढत होत्या, खांब चढत होते. अर्धं गाव जमलं होतं. चहावाले पोरींकडून पैसे घेत नव्हते. काही जण अप्पांकडं वाकड्या नजरेनं बघत होते, काही येऊन पाया पडत होते. अप्पा धुतलेलं धोतर नेसून दारात उभे होते आणि येईल त्याला सांगत होते, "मोठी होती म्हणून ऱ्हायला हॉल. बाकी सगळे इकायलाच निघाले होते." शेजारी उभ्या असलेल्या दैवशालाला ते प्रत्येक वेळी ऐकावं लागत होतं.

करिश्मा आली, अप्पांच्या पाया पडली. मग दैवशालासमोर वाकली.

"येते, आक्का."

"संभाळून ऱ्हा," दैवशाला म्हणाली. त्या दिवसापासून दोघींत एवढंच बोलणं झालं होतं. करिश्माच्या डोळ्यांत राग असता तर तिला बरं वाटलं असतं. राग नव्हता. करिश्मानं खिशातून हॉलची चावी काढून अप्पांच्या हातात दिली आणि पोरींची हजेरी घ्यायला बसकडं गेली.

शिवकन्या सगळ्यांत शेवटी आली. हातात नवी बॅग, अंगात संघाचं निळं जॅकेट. दैवशालानं तिच्या बॅगेत तिळाच्या लाडवांचा डबा घातला, मग तो नीट बसला नाही म्हणून काढून पुन्हा घातला.

"आई," शिवकन्या हळू आवाजात म्हणाली. "एक विचारू? त्या दिवशी तू आजोबांसाठीच ‘नाही’ म्हणालीस का?"

दैवशाला बॅगेची चेन ओढत होती. चेन अर्ध्यावर अडकली. खोटं बोलणं सोपं होतं. गेले कित्येक दिवस ती तेच जगत होती. पण पोर निघाली होती.

"न्हाय," ती म्हणाली.

"मला वाटलंच होतं." शिवकन्यानं चेन स्वतः ओढून लावली. तिच्या आवाजात राग नव्हता, नवलही नव्हतं. "मावशीला तर तिथंच कळलं होतं. म्हणाली, आक्काचा आवाज मी ओळखत नाही का."

दैवशालानं तिचं मनगट धरलं. "आन मग बोलली कशी न्हाय? अप्पांना सांगितलं आसतं तर त्यांनी त्याच दिवशी सही केली आसती. संघ गेला नसता."

"मी तेच म्हणाले तिला. लई भांडले मी तिच्याशी. तर ती म्हणाली, एवढ्या वर्षांनी अप्पांनी आक्काला शाबासकी दिलीय. ती तिच्याकडून काढून घ्यायची नाही. राहू दे तिच्यापाशी." शिवकन्यानं वाकून आईच्या पायांना हात लावला. "तू पण सांगू नको आजोबांना. त्यांना आता सोसायचं नाही."

बसचा हॉर्न वाजला. ती पळत गेली आणि एका उडीत पायरी चढली. बस हलली. मागच्या काचेतून पोरी हात हलवत होत्या. करिश्मा पुढं ड्रायव्हरशेजारी बसली होती, आणि तिनं वळून पाहिलं नाही.

दैवशालानं आयुष्यभर धाकटीचा हेवा केला होता. तिच्या शिट्टीचा, तिच्या नावाचा, तिच्या मोकळ्या पायांचा. पण बस तेरणा चौकातून वळली तेव्हा तिला जो हेवा वाटला, तसा कधी वाटला नव्हता. आपलं गाव, आपल्या अकादमीचं स्वप्न करिश्मानं अप्पांना पत्ता न लागू देता तिच्या ओटीत टाकलं होतं, आणि ते परत करायची सोयही ठेवली नव्हती. असं काही आपल्याला कधी सुचलं असतं का, हे तिनं स्वतःला विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

गर्दी पांगली. रामहरी स्कूटर आणायला गेला. अप्पांनी हॉलचं मोठं दार लोटलं आणि तिला आत बोलावलं. मॅट गेल्यामुळं खालची जुनी फरशी उघडी पडली होती. खांब काढलेल्या जागी दोन भोकं होती. पत्र्याच्या फटींतून उन्हाचे पट्टे खाली आले होते, आणि वर कैचीवर चिमण्या बसल्या होत्या.

"हितं परत माती टाकू," अप्पा म्हणाले. "शाळेच्या पोरी येतील. सकाळी तू बघायचं, संध्याकाळी म्या बसंन." त्यांनी चावी तिच्या तळहातावर ठेवली आणि वरून तिची बोटं मिटवली. "तू बोललीस म्हणून हे उभं हाय. माझ्यासाठी बोललीस. दुसऱ्या कुणाला सुचलं न्हाय ते. व्हय का न्हाय?"

बाहेर स्कूटर येऊन थांबल्याचा आवाज आला. अप्पा तिच्या तोंडाकडं बघत उत्तराची वाट पाहत होते.

"व्हय, अप्पा," दैवशाला म्हणाली.